कोरियात इंग्रजी शिकवायला जाताय? माणसं जोडण्याची आणि नीट निरोप घेण्याची तयारी

कोरियात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्याला व्हिसा, पगार, घर यांची माहिती हवी तेवढी मिळते. माणसांचं काय करायचं, हे मात्र तिथं पोचल्यावरच कळतं. नोकरी एकेका वर्षाच्या कराराची, त्यामुळे ओळखीपाळखीही कराराच्या तारखांवर चालतात. जिच्याबरोबर रोज जेवायचं ती फेब्रुवारीत निघून जाते आणि ऑगस्टमध्ये आपली पाळी येते. मी देगू शहरातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत होते. शेवटच्या आठवड्यात बँकेच्या आणि पेन्शनच्या रांगेत उभे असलेले, आणि म्हणून कोणालाच धड न भेटता विमानात बसलेले शिक्षक मी पुष्कळ पाहिले. म्हणून पुढे कागदपत्रांबद्दलही लिहिलंय. ती वेळेत उरकली तरच माणसांसाठी वेळ उरतो.

१. आधी पासपोर्ट बघा

इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरिया यांच्यातला सेपा हा आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यानुसार शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीय नागरिकांसाठी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षकाची वाट कागदावर खुली आहे. प्रत्यक्षात बहुतेक जाहिराती त्या सात देशांचीच नावं छापतात. त्यामुळे हा लेख प्रामुख्यानं टोरंटो, न्यू जर्सी किंवा मेलबर्नच्या मराठी घरांतल्या मुलामुलींच्या कामाचा आहे. भारतीय पासपोर्टवर जाऊ बघणाऱ्यांनी एजंटाला पैसे देण्यापूर्वी कोरियन दूतावासात विचारून घ्यावं.

लागणारे मुख्य कागद:

- पदवी प्रमाणपत्राची अपोस्टील केलेली (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी शिक्का मारलेली) प्रत
- राष्ट्रीय पातळीवरचा, अपोस्टील केलेला पोलीस दाखला (अमेरिकेत एफबीआयचा)
- सहीचा करार, आरोग्याचं स्वयंघोषणापत्र, पासपोर्ट, फोटो

कॅनडा अपोस्टील करारात ११ जानेवारी २०२४ पासून आला, त्यामुळे कॅनडावाल्यांनी त्याआधीच्या सूचना वाचून गोंधळून जाऊ नये. पोलीस दाखल्याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, तो सर्वांत आधी मागवा.

२. माणसं कधी येतात आणि कधी जातात, ते समजून घ्या

कोरियन शाळेचं वर्ष मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं, दुसरं सत्र ऑगस्टच्या शेवटाला. सरकारी शाळांसाठीचा एपिक हा कार्यक्रम १९९५ साली सुरू झाला. त्याच्या भरतीच्या दोन लाटा याच वेळापत्रकावर चालतात. हागवॉन, म्हणजे खासगी क्लासेस, मात्र बारा महिने माणसं घेतात. तिथं निरोपाला ऋतू नसतो.

नवख्यांच्या लक्षात येत नाही ते असं, की फक्त परदेशी शिक्षकच जात नाहीत. सरकारी शाळेतले कोरियन शिक्षकही ठरावीक वर्षांनी दुसऱ्या शाळेत जातात आणि त्याच्या याद्या फेब्रुवारीत लागतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकांत बदल्यांच्या दिवसांत जी घालमेल असते, तीच तिथल्या स्टाफरूममध्ये असते. शिवाय काही शिक्षक वर्षभराच्या कंत्राटावर असतात आणि नोव्हेंबरमधल्या शिक्षक भरती परीक्षेसाठी रात्री जागत असतात. अशी मैत्रीण सप्टेंबरपासून फोन उचलेनाशी झाली तर मनाला लावून घेऊ नका, तिची परीक्षा आहे. विशीतले मुलगे मित्र झाले तर त्यांच्यापुढे दीड वर्षाची सक्तीची लष्करी सेवा असते.

एपिकमधून गेलात तर सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या दिवसांत भराभर ओळखी होतात. शेवटच्या दिवशी प्रत्येक जिल्ह्याची बस वेगळी सुटते. त्याआधी काकाओटॉकवर, म्हणजे तिथल्या गप्पांच्या अॅपवर, गट करून घ्या. पुढे कोणत्याही शहरात गेलात तरी गादी टाकायला जागा मिळते.

३. पहिला महिना: स्टाफरूम

सगळ्यांत आधी जिच्याशी गाठ पडते ती को-टीचर, म्हणजे तुमच्याबरोबर वर्ग घेणारी कोरियन शिक्षिका. तुमचं बँक खातं, फोन, डॉक्टर, घरातला गळका नळ, हे सगळं तिच्या मूळ कामावर वरून आलेलं काम असतं, आणि त्याचे तिला बहुधा काही पैसे मिळत नाहीत. ती गोड बोलते म्हणून तिलाच सगळं सांगत सुटाल तर दोन महिन्यांत ती तुम्हाला टाळायला लागेल. शक्य तेवढं स्वतः करा. नेव्हर मॅप (नकाशा) आणि पपागो (भाषांतर) ही अॅप पहिल्याच दिवशी घ्या, कारण चालत रस्ता शोधायला गुगल मॅप तिथं फारसा उपयोगी नाही. व्हिसाविषयी काही अडलं तर १३४५ ही इमिग्रेशनची हेल्पलाइन इंग्रजीत बोलते. को-टीचरशी मैत्री होते, छान होते, पण तीच तुमच्या वर्गाबद्दल वरिष्ठांना मत देणारीही असते, हे विसरून रात्री बारा वाजता तिच्याकडे शाळेची गाऱ्हाणी मांडू नका.

शाळेत घालायची वेगळी चप्पल न्या. जाता-येता प्रत्येकाला, अगदी सफाई करणाऱ्या आजींनाही, मान झुकवून नमस्कार करा. दुपारचं जेवण शाळेच्या भोजनगृहात सगळ्यांबरोबर घ्या. ताट घेऊन एकटं वर्गात बसणाऱ्याला माणसं हळूहळू विचारेनाशी होतात.

इथं शाकाहाऱ्यांची पंचाईत होते. किमचीतही बहुधा मासळीचा अंश असतो, आणि सूप भाजीचं दिसलं तरी पाणी सुक्या मासळीचं असतं. आपले नियम किती कडक ठेवायचे ते विमानात बसण्याआधी ठरवा आणि पहिल्या दिवशी एकदाच, हसून सांगा: ‘गोगी आन मगॉयो’, मांस खात नाही. मग डबा घेऊन जा, पण बसा त्यांच्याच टेबलाशी.

४. होइशिक: जेवण, सोजू (कोरियन दारू) आणि वय

शाळेतल्या किंवा ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जाणं म्हणजे होइशिक. कामाच्या वेळात जे बोललं जात नाही ते इथं बोललं जातं, म्हणून पहिलं आमंत्रण नाकारू नका. थोडे रिवाज:

- थोरांना ओतताना आणि त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात लावायचे. त्यांच्यासमोर पिताना तोंड थोडं बाजूला वळवायचं.
- स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही. शेजाऱ्याचा रिकामा दिसला की भरायचा.
- दारू पीत नसाल तर ग्लासात साइडा घ्या. ते लिंबाच्या चवीचं सोडा पेय आहे, दारू नव्हे. ग्लास भरलेला असला आणि सगळ्यांबरोबर उचलला की बहुतेक ठिकाणी कोणी फार मागे लागत नाही.
- पहिल्या जागेनंतर दुसरी, मग गाण्याची खोली. पहिल्या फेरीनंतर निघालात तरी चालतं.

वय विचारलं तर राग मानू नका. वय कळल्याशिवाय तुमच्याशी कोणत्या आदरानं बोलायचं हे त्यांना ठरवता येत नाही. मोठ्या बाईला लहान बाई ‘ऑन्नी’ म्हणते, पुरुष ‘नूना’ म्हणतो. ताई-दादा म्हणत वाढलेल्या आपल्याला हे शिकायला दोन दिवस लागतात, तर अमेरिकेतून आलेले सहकारी वर्षभर चाचपडतात. आपल्याला जे आयतं मिळालंय ते वापरा. शाळेत मात्र सरसकट ‘सनसेंगनिम’, म्हणजे सर किंवा बाई.

५. ज्यांच्या जाण्याची तारीख ठरलेली नाही, अशी माणसं शोधा

नवे शिक्षक एकमेकांत रमतात. सोलमधलं हेबांगचोन, देगूतलं दोंगसंगनो, बुसानचा ग्वांगअल्लीचा किनारा, तिथं शनिवारी रात्री इंग्रजीच ऐकू येतं. मजा येते, नाही म्हणत नाही. पण त्या टेबलावरच्या प्रत्येकाचा करार कधीतरी संपतो आणि दर सहा महिन्यांनी टेबल निम्मं रिकामं होतं. दुसऱ्या वर्षी राहिलेले शिक्षक नव्यांशी थोडं तुटक का वागतात, ते त्यातून कळतं. त्यांना पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यायचा कंटाळा आलेला असतो.

म्हणून आठवड्यातून एक ठिकाण असं धरा, जिथली माणसं तिथलीच आहेत:

कोरियन भाषेचे वर्ग. न्याय मंत्रालयाच्या सामाजिक एकात्मता कार्यक्रमात पातळीनुसार वर्ग चालतात. शहरोशहरीच्या कुटुंब केंद्रांतही वर्ग असतात. तिथं लग्न होऊन आलेल्या व्हिएतनामी बायका, उझबेक कामगार भेटतात. त्यांच्याशी इंग्रजीत बोलता येत नाही, त्यामुळे कोरियन बोलावंच लागतं. माझं कोरियन सुधारलं ते तिथं.

डोंगर. कोरियात रविवारी सकाळी पन्नाशी-साठीची माणसं झुंडीनं डोंगर चढतात. सोलमध्ये बुखानसान, देगूत पालगोंगसान. माथ्यावर काकडी आणि मक्कॉली (तांदळाची दारू) पुढं करणारे काका हमखास भेटतात. सह्याद्री चढलेल्याला हे डोंगर जड जात नाहीत, पायऱ्या मात्र फार आहेत.

बेसबॉल. नियम कळले नाहीत तरी चालतं. बुसानच्या साजिक मैदानात लॉटे जायंट्सच्या पाठीराख्यांमध्ये जाऊन बसा. प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं असतं, तळलेली कोंबडी आणि बिअर आत नेता येते, आणि शेजारचं कुटुंब तिसऱ्या डावापर्यंत तुम्हाला आपल्यात घेतं.

ग्वांगजूला असाल तर ग्वांगजू इंटरनॅशनल सेंटर आहे, तिथं वर्ग, व्याख्यानं, सहली होतात. तूरडाळ आणि मसाल्यांसाठी सोलमधलं इतेवॉन. मध्यवर्ती मशिदीच्या आसपास दक्षिण आशियाई दुकानं आहेत आणि त्या रांगेत हिंदी, बांगला, तमिळ सगळं कानावर पडतं. भारतीय इंजिनिअर आणि संशोधक विद्यार्थी बरेच आहेत. त्यांची घरं दिवाळीत उघडी असतात, फक्त आपण आहोत हे त्यांना कळलं पाहिजे.

एक सावधगिरी. रस्त्यात किंवा पुस्तकांच्या दुकानात दोन तरुण फार गोड इंग्रजीत बोलतात, संस्कृतीबद्दल सर्वेक्षण आहे म्हणतात, चहाला बोलावतात. यातले बरेच जण कुठल्या तरी पंथाची माणसं जमवत असतात. पहिल्या भेटीत फोन नंबर देऊ नका. साध्या चर्चचं आमंत्रण वेगळं, ते आवडलं तर जा, नाही तर ‘नको’ म्हणा, कोणी वाईट मानत नाही.

६. चुसोक आणि सोल्लाल

चुसोक हा सुगीचा सण, सोल्लाल हे चांद्र नववर्ष. या दोन सणांना कोरियन माणसं गावी जातात, दुकानं बंद होतात आणि परदेशी शिक्षक खोलीत एकटे पडतात. रेल्वेची तिकिटं विक्री उघडताच संपतात. दीड महिना आधी बेत करा किंवा उरलेल्या मित्रांना घरी जेवायला बोलवा. कोणी कोरियन घरी बोलावलं तर फळांची पेटी घेऊन जा.

७. मुलं

मुलांचा लळा लागतो, त्यात काही चूक नाही. पण काही गोष्टी पहिल्यापासून सांभाळा.

कोरियात २८ सप्टेंबर २०१६ पासून भ्रष्टाचारविरोधी कायदा लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तींच्या नावावरून लोक त्याला ‘किम यंग-रान कायदा’ म्हणतात. शाळेतला शिक्षक ज्या मुलांना शिकवतो, गुण देतो, त्यांच्याकडून किंवा त्यांच्या पालकांकडून भेट घेऊ शकत नाही. रक्कम छोटी असली तरी नाही. १५ मे हा राजा सेजोंगच्या जन्मदिनी येणारा शिक्षक दिन, त्या दिवशीही विद्यार्थी प्रतिनिधीनं सर्वांसमोर दिलेलं फूल चालतं, एकेकट्या मुलानं दिलेलं चालत नाही. हातानं लिहिलेलं पत्र घेता येतं. म्हणून मुलाची आई कॉफीचं कूपन पाठवते तेव्हा ते आभार मानून परत करा, आणि पोरानं कागदावर काढलेलं तुमचं मोठ्या नाकाचं चित्र जपून ठेवा. हागवॉनांना हा कायदा लागू नाही, तिथं मालकाचे नियम विचारा.

मुलांचे फोटो स्वतःच्या समाजमाध्यमांवर टाकू नका. पालकांची संमती हा तिथं गंभीर विषय आहे. स्वतःचा काकाओ आयडी मुलांना देऊ नका. संपर्क हवाच असेल तर शाळेच्या पत्त्यावर पत्र, किंवा वर्गशिक्षकामार्फत.

जायचं आहे हे मुलांना कधी सांगायचं, ते आपण ठरवायचं नसतं. शाळेला विचारा. बहुतेक शाळा शेवटचे एक-दोन आठवडे उरले की सांगतात, आणि ते बरोबर आहे. महिनाभर आधी कळलं तर वर्ग अभ्यासाला बसत नाही. सहावीची मुलं पदवीदानानंतर तुमच्याआधीच निघून जातात. शाळेगणिक ते जानेवारीत किंवा फेब्रुवारीत होतं, तारीख आधी बघून ठेवा, नाही तर त्यांची भेट राहून जाते. शेवटच्या तासाला ‘रोलिंग पेपर’ करतात: एका मोठ्या कागदावर प्रत्येकजण चार ओळी लिहितो. तुम्हीही वर्गासाठी एक लिहा. प्रत्येकाचं नाव घालून, एकेकच वाक्य, पण त्या मुलालाच लागू पडेल असं. तीन-चारशे मुलं असतील तर हे जमणार नाही, मग वर्गागणिक एक पत्र लिहा. खाऊ द्यायचा तर आधी अॅलर्जीची यादी वर्गशिक्षकाकडून घ्या.

८. निघायचं ठरलं की कामं या क्रमानं करा

तीन महिने आधी

- करार पूर्ण होण्याची तारीख बघा आणि विमानाचं तिकीट त्यानंतरचंच काढा. वर्ष पूर्ण झालं की साधारण महिन्याच्या पगाराएवढी निवृत्ती रक्कम मिळते, वर्षाला आठवडा कमी असला तरी हक्क जातो. काही हागवॉन अकराव्या महिन्यात काहीतरी खुसपट काढून माणूस काढतात. तसं झालं तर कामगार मंत्रालयाची १३५० ही हेल्पलाइन आहे.
- पगाराच्या पावतीवर पेन्शन आणि आरोग्य विमा कापलेला दिसतो ना, ते पाहा. नुसते ३.३ टक्के कापले जात असतील तर तुम्हाला नोकरदार नव्हे, स्वतंत्र व्यावसायिक दाखवलंय. हे खरं तर पहिल्याच पगाराला बघायचं.

एक महिना आधी

- राष्ट्रीय पेन्शन सेवेच्या कार्यालयात तिकीट, पासपोर्ट, ओळखपत्र, बँक पुस्तिका घेऊन जा. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना तुमचा आणि शाळेचा असा दोन्ही वाटा एकरकमी परत मिळतो. इतरांनी आपल्या देशाचं काय, ते तिथंच विचारावं.
- सामान विकायला दांगुन हे अॅप. गादी, कपाट नुसतं खाली ठेवून चालत नाही, स्थानिक कार्यालयातून स्टिकर विकत घेऊन लावावा लागतो. पण तांदळाचा कुकर आणि पंखा विकू नका, नव्यानं आलेल्या शिक्षकाला देऊन टाका.
- करार संपल्यावर थोडं फिरायचं असेल तर किती दिवस राहता येईल ते १३४५ वर विचारून घ्या.

शेवटचे दोन आठवडे सुरू होण्यापूर्वी

- वीज, गॅस, इंटरनेट यांचा हिशेब कोणत्या दिवशी मिटणार ते ठरवून घ्या.
- बँक खातं शेवटचा पगार येईपर्यंत उघडं ठेवा आणि परदेशी पैसे पाठवायची सोय आधीच करून घ्या.
- काकाओटॉकमधला फोन नंबर बदलून नव्या देशाचा घाला, कोरियन सिम बंद करण्यापूर्वी. सिम आधी बंद झालं तर खात्याची पडताळणी अडते आणि सगळ्या गप्पा, सगळे संपर्क जाऊ शकतात. कोरियन मैत्री काकाओवरच टिकते, व्हॉट्सअॅप तिथं फारसं कोणी वापरत नाही.

परदेशी नागरिक म्हणून मिळालेलं कोरियन ओळखपत्र विमानतळावर इमिग्रेशनला परत द्यायचं असतं. फोटो काढून ठेवा.

९. निरोप

क्रम पाळा: आधी को-टीचर, मग उपमुख्याध्यापक आणि मुख्याध्यापक, मग बाकीचे. मुख्याध्यापकांना तुमच्या जाण्याची बातमी दुसऱ्याकडून कळली तर ते तोंडावर काही बोलणार नाहीत, पण तुमच्या को-टीचरला ऐकून घ्यावं लागेल.

स्टाफरूमसाठी त्तॉक, म्हणजे तांदळाच्या मिठाईचे छोटे पुडे, प्रत्येकाच्या टेबलावर ठेवायची पद्धत आहे. दुकानदार त्यावर नावाची चिठ्ठीही लावून देतो. स्वयंपाकघरातल्या बायका आणि रखवालदार यांचे पुडे मोजायला विसरू नका. निरोपाच्या जेवणात उभं राहून दोन शब्द बोलायला लावतातच. ‘कुदोंगान कामसाहेत्सम्निदा’, इतके दिवस सांभाळलंत, आभारी आहे, एवढं पाठ करून जा. पुढचं इंग्रजीत चालेल.

मित्रांसाठी मोठी पार्टी ठेवण्याच्या मी विरोधात आहे. वीस जण येतात, प्रत्येकाशी तीन मिनिटं बोलणं होतं, आणि ज्याच्याशी बोलायचं असतं तो कोपऱ्यातून लवकर निघून जातो. पार्टी हवी तर करा, पण ती दोन आठवडे आधी. शेवटच्या दिवसांत एकेकाबरोबर जेवा. जेवणाचे पैसे बहुधा तेच देतील, भांडू नका, कॉफीचे तुम्ही द्या. आणि ‘पुढच्या वर्षी नक्की येते’ असं कोणालाही सांगू नका. तुमच्या लेखी ते सहज म्हटलेलं असतं, साठीतल्या काकू मात्र कोणत्या महिन्यात ते विचारतात.

१०. गेल्यावर

तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकासाठी दोन पानं लिहून टेबलाच्या खणात ठेवा: कोणत्या वर्गात कोणता खेळ चालतो, कोणतं मूल मागच्या बाकावर गप्प बसतं, प्रिंटर कुठं अडतो, को-टीचरला कोणत्या वेळी प्रश्न विचारू नयेत. मला असे कागद मिळाले होते आणि पहिला आठवडा त्यावर निघाला.

मित्रांना चुसोक आणि सोल्लालला शुभेच्छा पाठवा, को-टीचरला १५ मेला. कोरियाचं घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढं आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईतून फोन करायचा तर संध्याकाळी पाच-सहाचा सुमार बरा, त्यांची जेवणं आटोपलेली असतात. फेब्रुवारीच्या शेवटाला एकदा विचारून घ्या, कोणाची कुठं बदली झाली.